चार बोटांचा हातमोजा

३ नोव्हेंबर
तीन महिन्यांनी मोटरसायकल काढली. शेणव्यात गुरांना लाळ-खुरकताची लस टोचून आले. म्हशीच्या दाव्यात अडकून डाव्या हाताची करंगळी गेली, ती जागा गार वाऱ्यानं ठणकते. बाकी मजेत. गोठ्यागोठ्यात चहा. "डाक्टरीणबाई आल्या." मी डॉक्टर नाही, नुसती लस टोचणारी, हे सांगणं आता सोडलंय.

५ नोव्हेंबर
शहापुरात हातमोजे घेतले. त्यातली रिकामी करंगळी क्लचच्या दांडीत अडकली. तानशाच्या वळणावर गाडीनं उडी मारली ती थेट झुडपात. लागलं नाही. घरी बोलणार नव्हते, पण विलासला ओढणीत काटे दिसले.
"आता गाडी बास. ऑफिसात बसायचं काम माग."
नवरा घाबरला की त्याचा आवाज हळू होतो. आज फारच हळू होता.

८ नोव्हें.
रिकामं बोट कापून शिवलं, तर सगळीच शिवण उसवत आली. आत नुसतं रेक्झिन. दुकानदाराला म्हटलं, चामड्याचे, आपल्याकडं बनलेले दाखवा. म्हणजे बनवणाऱ्याला गाठून चार बोटांचा करून घेता येईल.
"आपल्याकडं कोण बनवतं, ताई? सगळा भायेरचा माल."
अजून दोन दुकानं. तेच उत्तर.

११ नोव्हें.
मुरबाड स्टँडजवळ चपला शिवणारे काका. माझा हात उलटसुलट पाहिला. "बोटं शिवनं येगळं. माज्यानं नाय व्हायचं. धसईच्या बाजारात मथुरा म्हणून बाई भाजी घेऊन बसते, तिला विचार. मुंबईला हातमोज्यांच्या कारखान्यात होती."
धसई! दर महिन्याला तिथं जाते मी. बहुतेक तिच्याकडूनच मुळा घेतला असेल.

१४ नोव्हें.
मथुरामावशी. साठीची, सडपातळ.
"वीस वर्सं शिवले गो. सगळे परदेशी जायचे. हितं कुणाच्या हातात बघितला नाय."
पण शिवून द्यायला नको म्हणाली. डोळे गेले, मशीन झाकून ठेवलंय वगैरे. मी नुसता हात पुढं केला. करंगळीचं काय झालं, हे न विचारणारी ही पहिलीच. मुळ्यांखालचा पेपर ओढला, त्यावर माझा हात ठेवला, पेन मागितलं. पेन बोटांच्या फटीतून फिरलं तेव्हा गुदगुल्या झाल्या. दोघी हसलो. गिऱ्हाईक ताटकळत.

२३ नोव्हें.
मावशीच्या घरी. कारखाना बंद झाला तेव्हा आणलेलं बकऱ्याचं कातडं ट्रंकेत होतं, तेल लावून मऊ केलंय. एका हातापुरतंच, त्याचा डावा शिवलाय. घातला. गेलेल्या बोटापाशी शिवण टोचली. छान झालाय म्हटलं.
"खोटं बोलू नको. तोंड बघ कसं झालंय."
तिथल्या तिथं उसवला. मला रडूच आलं, इतका सुंदर होता. ती मात्र खुशीत. शिवण बाहेरून घ्यायची, आधीच सुचायला पाहिजे होतं, म्हणे.

३० नोव्हें.
जमला. काळा, मऊ, चारच बोटं, बाजूला सपाट. कुठं टोचत नाही, वारा लागत नाही. विलासला मागं बसवून तानशाला गेले. वळणावर त्यानं श्वास रोखला, ते मला पाठीत कळलं. पुढं गेल्यावर म्हणाला, "क्लच बरोबर दबतोय."
ऑफिसच्या कामाचा विषय निघाला नाही. मिटलाय असंही नाही.

७ डिसेंबर
मावशीला मागं बसवून धसईपासून मुरबाडला नेलं, कातडं शोधायला. रस्ताभर खांद्यावरून वाकून माझ्या डाव्या हाताकडे बघत होती. म्हटलं, मावशी, नीट बसा. तर म्हणे, "तू पुढं बघ. मला बघू दे. इतके शिवले, पण घातल्यावर मूठ कशी वळते ते कधी बघितलंच नाय."
मग उगाचच दोनदा जास्त क्लच दाबला.
काळं कातडं मिळालं नाही, तपकिरी मिळालं. चालेल. उजवा त्याचा. पण मावशीच आता बिचकतेय.
"त्याला पाच बोटं. सवय गेली गो. जमंल का, बघते."
उजवा हात पेपरवर काढून दिलाय.