मुक्ताचा चौथा विषय

प्रिय वसू,

आज मुक्ताच्या अकरावीच्या विषयांच्या अर्जावर सही करून आलो. शाळेतून थेट अंबत्तूरला कारखान्यात जायचं होतं, पण पाय घराकडेच वळले. तुला सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही, म्हणून लिहायला बसलोय.

गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र हे तिचं ठरलेलंच होतं. घोडं अडलं ते चौथ्या विषयावर. बायॉलॉजी की कॉम्प्युटर सायन्स? दोन्ही घेता येत नाहीत. तू असतीस तर कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत तुम्ही मायलेकींनी हे निकालात काढलं असतं आणि मला जेवताना कळलं असतं!

तुझ्या भावाचा तंजावरहून फोन आला. म्हणाला, मुक्ताला डॉक्टरच करायची अक्काची इच्छा होती असं सांगून टाका, पोरगी लगेच ऐकेल. ऐकलंही असतं गं तिनं. त्याचीच तर भीती वाटली.

तू असं कधी ठामपणे म्हणाली होतीस? गॅलरीत पडलेल्या खारीच्या पिल्लाला ती कापसाच्या बोळ्यानं दूध पाजत होती, तेव्हा म्हणालीस, ही डॉक्टर होणार. आणि तिनं लॅपटॉपवर सापाचा खेळ तयार केला, तेव्हा तुझ्या सिरुसेरीच्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसात सगळ्यांना दाखवत फिरलीस, ही माझी खुर्ची घेणार म्हणून. यातलं कुठलं खरं धरू? दिवसभर इतकं बोलायचीस, मग हेच कसं बोलून ठेवलं नाहीस?

शेवटी तिनं विचारलंच. वर्गाच्या बाईंना भेटायच्या आधी, शाळेच्या व्हरांड्यात. "बाबा, अम्माला काय आवडलं असतं?"

"मला माहीत नाही, बाळा."

इतकी वर्षं एकत्र राहून याला एवढंही ठाऊक नाही, असंच वाटलं असणार तिला.

बाई समजूतदार निघाल्या. घाई करू नकोस, आठवडाभर दोन्ही वर्गांत बसून बघ, म्हणाल्या. कॉम्प्युटरचा तास झाला की मुक्ता घरी येऊन बडबड बडबड करायची. मला त्यातलं निम्मंही कळायचं नाही, तरी बरं वाटायचं. बायॉलॉजीचा तास असला की मात्र गप्प. एका संध्याकाळी मी दोसे घालत होतो, तर ओट्याशी येऊन उभी राहिली. माझे दोसे अजून तव्याला चिकटतात.

"मला बायॉलॉजी नाही आवडत, बाबा. अम्माला नक्की काय झालं होतं, ते कळावं म्हणून घेणार होते. तेवढ्यासाठी घेतलं तर चालतं का?"

काय सांगणार होतो मी तिला, वसू? डॉक्टर तुझ्या यकृताबद्दल अर्धं तमिळमध्ये, अर्धं इंग्रजीत समजावत होते, तेव्हा माझ्या मनात एकच प्रश्न होता, तुला घरी कधी नेता येईल. बाकीचं कानावरून गेलं. तेव्हा मुक्ता बाहेर बाकावर बसलेली असायची. तिला सगळे एवढंच सांगायचे, अम्मा थकली आहे. थकलेलं माणूस परत का येत नाही, हे त्या पोरीनं कुणाला विचारायचं?

तव्यावरचा दोसा करपला. मी गॅस बंद केला. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, मीही रडलो.

आज तिनं कॉम्प्युटर सायन्स निवडलं. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसली होती. सुटल्यासारखं वाटतंय तिला, की अम्माला मागे सोडल्यासारखं? विचारायचा धीर झाला नाही. तुला नुसत्या तिच्या पाठीवरून कळलं असतं.

एक वचन देतो. तू न बोललेलं काहीही तुझ्या तोंडी घालून तिला सांगणार नाही. आणि तुझ्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. मुक्ताला घेऊन जाईन. तुला काय झालं होतं, ते तिच्यासमोर नीट विचारीन, कळलं नाही तर पुन्हा विचारीन. ऐकवणार नाही मला, हे ठाऊक आहे. तरी तिच्या शेजारची खुर्ची सोडणार नाही.

तुझाच,
श्रीधर