मधल्या भिंतीच्या डोक्यावर

बारामती
४ फेब्रुवारी २०२५

ती. गंगाराम आबांस,
रश्मीचा सविनय जयभीम. वि. वि. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून पत्र. बुद्धघोषनं भिगवणच्या एका बंद पडलेल्या हॉटेलातली माशांची टाकी आणलीय. सहा फूट लांब, दोन रुंद, दोन उंच. वाळू-पाणी धरून आठशे किलोच्या वर जाईल. आमच्या या बंधुराजांना ती वरच्या हॉलमध्येच हवी. खाली आईची कॉट आहे, म्हणून माझा जीव खालीवर होतोय. घर तुम्ही बांधलंत. स्लॅब पेलेल का, तेवढं कळवा. आई म्हणते, भावजी म्हणतील ते खरं.
तुमची लाडकी (असं तुम्हीच म्हणता),
रश्मी

डाळज, ता. इंदापूर
१० फेब्रुवारी

चि. रश्मीस,
आबाचा जयभीम आन आशीर्वाद. बुद्धघोषाला हे खूळ कुठनं सुचलं? आमी उजनीच्या काठाला बसलोय, हितं येऊन मासं बघ म्हनावं, फुकाट. आसू दे. टाकी हॉलच्या मधोमध ठिवू नगा. खाली मधली भिंत हाय, नऊ इंची, पायातनं उचलल्याली. बरोब्बर तिच्या डोक्यावर लांबीनं ठिवा. हत्ती बसला तरी काय हुत न्हाय. वहिनींस्नी म्हनावं, निवांत झोपा.
माया हाय ती वाढती ठिवा.
गंगाराम

बारामती
१७ फेब्रुवारी

ती. आबांस,
जयभीम. बुद्धघोष लोणी देवकरला कामावर जाता जाता हे पत्र हातोहात देईल. आबा, रागावू नका. मधली भिंत आता नाही. चार वर्षांपूर्वी, वर्षावासाच्या ग्रंथवाचनाला घरात चाळीस माणसं बसावीत म्हणून, तुम्हीच ती पाडलीत. दोन दिवस राबलात. यापुढं वर जड काही ठेवायचं नाही, असं बजावलंतही. तुमचं पत्र आल्यावर मी बुद्धघोषला हे म्हटलं. तो म्हणाला, आबा उगीच लिहिणार नाहीत, भिंतीच्या जागी काहीतरी आधार घातला असेल. काल त्यानं टाकी अर्धी भरली आणि संध्याकाळी आईच्या कॉटवर गिलाव्याचा पापुद्रा पडला. लगेच टाकी रिकामी केली. आईला लागलं नाही. तुम्हाला कळवू नको म्हणाली, पण मला राहवेना. आता टाकीपेक्षा तुमचीच काळजी लागलीय.
तुमची,
रश्मी

डाळज
१८ फेब्रुवारी

चि. रश्मीस,
जयभीम. वहिनी वाचल्या, लई बरं झालं. टाकी खाली जमिनीवर मांडा.
तुजं पत्र चारदा वाचलं. ती भिंत उचलल्याली मला वीट न् वीट आठवती. पाडल्याली आठवत न्हाय. डोळं मिटलं तरी हुबीच दिसती. मला भ्या वाटतंय, पोरी. दवाखान्यात म्हनशील तवा गुमान येतो.
पर त्याच्या आदी एक काम कर. औंदा मी लोकांस्नी लई सल्लं दिल्यात. पणदऱ्याच्या हिंदुरावांना गच्चीवर दुसरी पाण्याची टाकी बसवा म्हनलं. लोणी देवकरच्या ज्ञानेशला पडवीतला खांब काढ म्हनलं. दोघांकडं बुद्धघोषाला धाड, कशाला हात लावू नगा म्हनावं. हितल्या वृषालीला माळ्यावर पोती रचायला सांगितलं हुतं, तिच्याकडं मी सवता जाऊन आलो. हे तिघं आठवत्यात. चौथं कुणी हुतं का, ते मला सांगता येईना. तुमी चौकशी करा.
लोभ पातळ करू नगा.
गंगाराम