गाळलेला नववा अध्याय

सोम. ४ मे
रेवाला सुटी. दुपारचं ऊन नुसतं भाजतंय, नातीला बाहेर सोडवत नाही. वाचनालयातून जंगलातल्या प्राण्यांची कादंबरी आणली, मुलांची. जुन्या कॅलेंडरचं कव्हर घातलं. रोज एक अध्याय. बाईसाहेबांनी पोथीसारखा पाट मांडला, पुस्तकावर मोगरा. "आजी, पारायण!" शेवटी गूळ-शेंगदाण्यांचा प्रसाद. स्वामी रागावणार नाहीत.

गुरु. ७ मे
उपास. चौथा अध्याय. गोगलगाय पोस्टमन, यंदाचं पत्र पुढल्या वर्षी पोचवते. म्हातारा सरडा स्वतःचा रंग विसरलाय, ज्याला त्याला विचारत सुटतो. हसण्याच्या नादात दूध उतू गेलं.
रेवा म्हणे, "आपली मनी असती तर सरड्याची शेपटीच धरली असती. कळवणला मामाकडे उंदीर खूप असतील ना?"
हो म्हटलं. मांजर गेल्या महिन्यात गंगापूर रोडला गाडीखाली... मामाच्या शेतावर पाठवली, असं पोरीला सांगितलंय. सांगणारी मीच.

सोम. ११ मे
पुढचं चाळलं. नवव्यात सरडा मरतो. मुंग्या येतात. मुलांच्या पुस्तकात कशाला हे! पण लिहिलंय असं की पदर डोळ्याला लावावा लागला.

मंगळ. १२ मे
आठव्यानंतर थेट दहावा वाचला. जन्मात पोथीची एक ओवी गाळली नाही कधी.

बुध. १३ मे
सापडले. चित्रं बघता बघता रेवाला नऊचा आकडा दिसला. "गाळलं की पुन्हा पहिल्यापासून, तूच म्हणतेस ना? नाहीतर उद्या नववा वाच."
सूनबाई ओट्याशी हसतेय. "आई, आता कशा सुटता बघू!"

गुरु. १४ मे
वाचला. सगळा.
रेवा म्हणाली, "मनीलापण मुंग्या आल्या होत्या?"
"नाही गं. बाबांनी लगेच पारिजातकाखाली पुरलं तिला."
"मग कळवणला कोण गेलं?"
"कुणी नाही."
प्रसाद घेतला नाही. पाट तसाच. संध्याकाळी झाडाला तांब्याभर पाणी घालून आली, माझ्याशी न बोलता.

शुक्र. १५ मे
आज पाट पुन्हा तिनेच मांडला. मला खाली बसवलं. "आता मी वाचणार. तू हूं म्हण." अकरावा अध्याय. शब्दाशब्दावर बोट. जोडाक्षर आलं की श्वास घेऊन उडी. अर्ध्या तासात अर्धं पान! मधे एक शब्द सांगायला गेले. "तू नको." शेंगदाणे मात्र वाचायच्या आधीच दोन मुठी फस्त.
पान उलटायच्या आधी थांबली.
"आजी, तू पुढचं वाचलंयस ना? अजून कोण कोण मरतं?"
"विचारशील तर खरं सांगेन. सांगू?"
बोट शेवटच्या शब्दावर ठेवून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. हो म्हणेना, नाही म्हणेना.