निरवांगीतला उघडा कोपरा

मंगळवार, संध्याकाळ. इंदापूर.

निरवांगीच्या तात्यांचं घर आज गुणवत्ता हमी योजनेत नोंदलं गेलं. माझं पहिलंच काम! घर थंड राहावं म्हणून पत्र्याखाली उष्णता अडवणारा थर मी बसवला होता. पण सत्यनारायणाला पाहुणे येणार म्हणून तात्यांनी योजनेच्या तपासणीआधीच सुताराकडून खालचं छत बंद करून घेतलं. असला राग आला! वर मलाच म्हणतात, "झाकल्यावर आत काय हाय, कोण बघतंय, ताई?"

मग आज सकाळी मीच शिडीवर चढून एक कोपरा उघडला. भीती नव्हती? होती की. थरात कुठं फट निघाली असती तर? तपासनीस त्या कोपऱ्यात बॅटरी मारून, हात घालून बराच वेळ बघत राहिले. उतरल्यावर एवढंच म्हणाले, "कुठंच फट नाही. नोंद करतो."

दुपारी कोपरा बंद करायला गेले, तर तात्यांनी शेजारच्या आबांना शिडीवर चढवलेलं, आणि स्वतः खालून बॅटरी मारतायत! "आत बघा आबा, आत. बाहेरनं काय दिसतंय?"

मला बघून म्हणाले, "आज झाकू नगा, ताई. अजून जावई यायचेत."