मामा, शेवटचा नको, पहिला थेंब द्या

जळकोट, सोमवार

तीर्थस्वरूप व्यंकटमामांना वैजनाथचा साष्टांग नमस्कार.

तुमची तब्येत उत्तम असणारच. शनिवारी मांडवातून एसटीकडं तुम्ही ज्या चपळाईनं निघालात ती पाहिल्यावर गुडघेदुखीची चौकशी करायला माझी जीभ रेटेना. तुमच्या घरच्या नातीला, सृष्टीला, आशीर्वाद. तिला बघायला यायची ती मंडळी येऊन गेली का? इकडं आम्ही सगळे खुशाल आहोत (पत्रात हा शब्द लिहायचाच असतो, म्हणून लिहिला). तुमची इकडची नात, माझी प्रतीक्षा, बरी आहे. म्हणजे दिवे लागले की भिंत धरून चालते, आणि दिवसाही बोगद्यातून बघितल्यासारखं समोरचं तेवढं दिसतं, बाजूनं म्हैस आली तर म्हशीनंच सांभाळायचं, एवढं सोडलं तर बरी आहे.

मेळाव्याचे अध्यक्ष तुम्ही होता, तेव्हा तुम्ही गेल्यावर काय झालं ते कळवणं माझं कर्तव्य आहे. तुम्ही असताना झालं तेही कळवतो, कारण एवढ्या घाईत तुमच्या ध्यानात राहिलं नसेल. डोळ्याचा पडदा वाळत जाण्याच्या, घराण्यात उतरणाऱ्या आजारावर पुण्याच्या डॉक्टरीणबाई संशोधन करतात आणि त्यासाठी गावोगावच्या घराण्यांचं रक्त गोळा करतात. त्यांना लोकांचा पाठिंबा मिळावा म्हणून आपल्या रणधीरच्या मंडळानं हा घाट घातला. पाठिंबा तर असा मिळाला की विचारू नका. बाईंना फेटा बांधला, शाल पांघरली, देवीचा फोटो दिला, नारळ तर इतके की रिकाम्या नळ्यांचा खोका त्यांना मांडीवर घेऊन बसावं लागलं. मग रणधीरनं आजारी माणसांना काळे चष्मे वाटले. आधीच कमी दिसणाऱ्याला भर दुपारी काळा चष्मा देणं म्हणजे तहानलेल्याला भाजके शेंगदाणे देणं, पण फोटो मात्र झकास आले.

मग तुमचं भाषण. मामा, खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. 'माझ्या नातीच्या डोळ्यांसाठी मी रक्ताचा शेवटचा थेंब देईन!' असं तुम्ही गरजलात, टाळ्या पडल्या, मागच्या रांगेतून कुणीतरी देवीचा उदो उदो केला. बाई बिचाऱ्या शहरातल्या. त्यांना वाटलं माणूस बोलतो ते खरंच. त्या हात जोडून म्हणाल्या, "आजोबा, शेवटचा नको, पहिलाच द्या. एक नळी पुरे. तुमच्याशिवाय हे घराणं अभ्यासात घेताच येत नाही."

आता त्यांचं म्हणणं काही अवघड नव्हतं. मी तुमचा भाचाही आणि जावईही. मामाची पोरगी करायची आपली रीत, घरचं घरात राहावं म्हणून. राहिलं की! जमीन राहिली, भांडी राहिली आणि त्यांच्याबरोबर हेही राहिलं, माझ्यातून थोडं आणि तुमच्या लेकीतून थोडं, आणि दोन्ही मिळून प्रतीक्षाच्या वाट्याला पुरं आलं. माझी आई असती तर तिचं रक्त घेतलं असतं. ती गेली. त्या झाडाचा आता एक बुंधा उरलाय, तो भूमला असतो.

बुंध्यानं काय करावं? बुंध्यानं घड्याळ बघितलं. "अरे बापरे, माझी भूमची गाडी!" अध्यक्षच उठल्यावर सभा कशाला बसते? कुणाची म्हैस व्यायला झाली, कुणाला उपास आठवला (उपासात रक्त देणं म्हणे चालत न्हाय), आणि तुमच्या भावकीतला मल्लेश तर तोंडावर म्हणाला, "बाई, पोरींची लग्नं व्हायचीत. घराण्याच्या डोळ्यात खोट हाय म्हणून कळलं तर कुत्रं उंबऱ्यावर येणार न्हाय." तुम्ही पळालात ते सृष्टीच्या सोयरिकीपायी हे मला कळतं, मामा. मल्लेशनं ते बोलून तरी दाखवलं.

पण पाठिंबा बाकी होता. संशोधनासाठी मशालफेरी! ठरली होती उन्हं असताना. पाहुणे उशिरा आले आणि फेरी निघाली अंधार पडल्यावर. ज्यांना अंधारात दिसत नाही त्यांना मानानं पुढं उभं केलं. हायवेच्या वाऱ्यानं मशाली विझल्या, तेव्हा पुढच्यांना लांब एक दिवा तेवढा जाणवला आणि ते एकमेकांचे खांदे धरून त्याच्या रोखानं निघाले. मागचे डोळस घोषणा देत त्यांच्या मागून. तो दिवा निघाला ढाब्याचा. ढाबेवाल्याला वाटलं मोर्चा आपल्यावरच आलाय, त्यानं आधी शटर ओढलं आणि मग दिवाच घालवला. त्यानंतर काय झालं ते कुणालाच दिसलं नाही. प्रतीक्षा कडेच्या चारीत पडली, कोपर सोलून निघालं. रणधीरनं मोबाईलची बत्ती तिच्या तोंडावर मारून फोटो काढला आणि ग्रुपवर 'संघर्ष' असं लिहून टाकला. सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. पहिलं चित्र तुमचं होतं. एसटीत रेंज बरी असते.

राग मानू नये. मोठ्यांपुढं लहानांनी जास्त बोलू नये म्हणतात, म्हणून इथंच थांबतो.

तुमचा भाचा आणि जावई
वैजनाथ

ता. क. बाई गुरुवारपर्यंत तुळजापुरात आहेत. नळीवर नाव नसतं, नुसता नंबर असतो. सृष्टीच्या सोयऱ्यांना कळायचं कारण नाही. प्रतीक्षाला याचा उपयोग होईलच असं नाही, हे बाईंनी तिला स्पष्ट सांगितलंय. संशोधनाला वर्षं लागतात. तरी तिनं हात पुढं केला. म्हणाली, "सृष्टीच्या लेकरांना तरी होईल." तेव्हा या. मी पाया पडतो, आणि या वेळी थट्टा नाही.

ता. क. दुसरा. मामी काल तुळजापूरला ओटी भरायला येऊन गेल्या ना? ओटी भरली, आणि रक्तही दिलं. प्रतीक्षाचे डोळे अधू झाले तेव्हापासून हा दोष मामींच्या माहेरचा म्हणून तुम्ही चारचौघांत सांगत आलात (त्यांच्या माहेरचा दोष माझ्या अंगात कुठल्या वाटेनं आला, ते तुम्हालाच ठाऊक). हे वाचून त्यांच्यावर ओरडू नका. सुई टोचली तरी त्या नळीकडंच बघत होत्या. मी म्हटलं, मामी, मामांना काय सांगणार? पदर सावरत म्हणाल्या, "इतकी वर्षं ह्यांचं ऐकून घेतलं, बाबा. आता नळीतलं रक्त काय म्हणतंय ते ऐकू की."