बुलबुल नव्हता, बाबा

बाबा,

दूध तापवलंय. रागात, पण तापवलंय.

तुम्ही परस्पर आमच्या गटप्रमुखांना फोन केलात आणि पक्षीगणनेतली माझी नोंद खोडायला लावलीत! म्हणे, "पोरीनं बुलबुल पाहिलाय, उगाच हसं होईल तिचं."

काळा तुरा बुलबुलालाही असतो, कबूल. पण पाठ अशी तांबूस? डोळ्याभोवती निळं कडं? आणि फांदीवरून झेपावून हवेतच माशी टिपणं?

ती स्वर्गीय नर्तकाची मादी होती. लांब पांढरी शेपूट नराला असते. तुम्ही जन्मभर नरच बघत आलात, त्याला मी काय करू?

पुन्हा जंगलात चाललेय. दुर्बीण तुमचीच नेतेय. फोटो घेऊन आले, की गटप्रमुखांना परत फोन लावायचा. तुम्ही. माझ्यासमोर.

गोळी घ्या.