माझी टीप, ह्यांची टीप

मी, खाली सही करणारी, तयार कपड्यांच्या कारखान्यातली निवृत्त शिलाई कामगार, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि नवा चष्मा लावून लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. माझे पती स्वयंपाकघरातून "माझी बाजू पण लिही गं" असं ओरडत आहेत, त्याला दबाव म्हणता येणार नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. धमक्या मात्र पुष्कळ दिल्या आहेत.

कलम पहिले, घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि कपडे वाळत घालण्यापुरती गॅलरी, हे सर्व आम्हा दोघांच्या नावावर आहे. माझा हिस्सा माझ्यामागे पतींना मिळावा, आणि तेव्हा ते हयात नसतील तर आमच्या मुलीला. हे घर कसं झालं ते इथेच लिहून ठेवते, कारण मुलगी तेव्हा पाळण्यात होती आणि तिला वडिलांकडून भलतीच हकीकत ऐकायला मिळालेली आहे.

हे एका मोठ्या हॉटेलात वेटर होते. पगार बेताचा, पण टीप भरपूर, कारण गिऱ्हाइकाला काय हवंय ते त्याने तोंड उघडण्याआधी ह्यांना कळायचं. (बायकोच्या बाबतीत ही कला चालत नाही.) माझा पगार हातात पडण्याआधीच त्यातून कर कापलेला असायचा. ह्यांची टीप मात्र सरळ खिशातून घरात. एकदा माझं डोकं फिरलं. म्हटलं, "मी दिवसभर मशीनवर टीप मारते तिला कर, आणि तुम्हाला टीप मिळते तिला माफी? हा कुठला न्याय?"

"अगं, पगार ठरलेला असतो. टीप माणूस खुशीने देतो. खुशीवर कसला कर?"

"त्या खुशीतून दूध येतं ना घरात? मग रस्त्यावरचा दिवाही लागू दे की."

भांडण तिथेच मिटलं असतं, पण आम्ही घराच्या कर्जासाठी बँकेत गेलो. काचेपलीकडच्या बाईंनी ह्यांचा पगार पाहून मान हलवली. हे म्हणाले, "याहून जास्त तर टीप मिळते मला." बाई म्हणाल्या, "कागदावर कुठाय?" दुसऱ्या दिवसापासून हे हॉटेलच्या कचेरीत टिपांची नोंद करायला लागले. कर बसला, आणि यथावकाश कर्जही मिळालं.

कलम दुसरे, शिलाई मशीन. हे कारखान्यातल्या माझ्या शेजारणीला, चष्मेवालीला द्यावं. माझी चांगली कात्री तिने केव्हाच नेलेली आहे. ती परत मागू नये, म्हणजे संच पूर्ण होईल.

कलम तिसरे, शिल्लक. बँकेतली माझी शिल्लक मुलीला. त्यावर काही कर निघत असेल तर तो आधी भरावा. आईच्या पैशाला माफी मागू नये. मुलगी केस कापते. तिलाही टीप मिळते आणि हल्ली ती फोनवरच जमा होते, त्यामुळे ती दाखवावी की नाही ही बापलेकीची कुजबुज आता बंद पडली आहे. बाळा, तुझ्या हाताला दाद म्हणून लोक देतात ते घे आणि ताठ मानेने मोज.

कलम चौथे, पुढच्या खोलीतली हातांची खुर्ची. ही मी कडकभावजींना ठेवणार होते. भावजी म्हणजे ह्यांचे हॉटेलातले जोडीदार. कॉलर नेहमी खळ घातलेली, म्हणून सगळे त्यांना कडक म्हणत. दर सुट्टीला याच खुर्चीत बसून माझं डोकं खायचे. ह्यांनी टिपांची नोंद सुरू केल्यावर करखात्याचा माणूस हॉटेलात आला. एकाला एवढी टीप, तर बाकीच्यांना शून्य कशी? सगळ्यांना मागचा कर भरावा लागला. मुलाच्या शिक्षणासाठी भावजींनी ठेवलेलं त्यात गेलं.

ते आले, पण बसले नाहीत. दारातूनच म्हणाले, "वहिनी, घरच्या पार्टीचं बिल कंपनीच्या नावावर फाडणाऱ्याला कोणी विचारत नाही. आमची चिल्लर बरी दिसते!"

मी म्हणते, सगळ्यांना विचारा. ते म्हणतात, आधी त्या बिलवाल्यांना विचारा. एवढ्याशा फरकावर खुर्ची वर्षानुवर्षं रिकामी राहिली. पुढे भावजींचं मनगट मोडलं, तेव्हा टिपांची नोंद त्यांनी तरीही केलेली नसल्यामुळे आजारपणाचा भत्ता नुसत्या पगारावर मिळाला, तोही तुटपुंजा. हे मदत घेऊन गेले तर त्यांनी दार लोटून घेतलं. घरी येऊन हे मोरीत तोंड धुवत कितीतरी वेळ उभे होते.

गेल्या आठवड्यात मीच भावजींकडे गेले. म्हटलं, "मृत्युपत्र करतेय. खुर्ची तुमच्या नावावर ठेवते."

"कर बसेल का हो तिच्यावर?"

"बसला तर भरा!"

बऱ्याच वर्षांनी त्यांना हसताना पाहिलं. मग मी अडचण सांगितली. मला अजून एक साक्षीदार हवा होता, तोही आमच्या घरी येऊन ह्यांच्यासमोर सही करणारा, आणि वकीलबाई म्हणतात, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. भावजींनी जरा विचार केला. म्हणाले, "मग खुर्ची राहू द्या. मी सही करायला येतो."

म्हणून खुर्चीही पतींनाच. ती विकू नये.

मजकूर वाचून पाहिला. बरोबर आहे.

स्थळ : राहत्या घराची पुढची खोली
दिनांक : ९ मार्च, रविवार

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिली : (सही) खालच्या मजल्यावरची नर्स. बाईंची प्रकृती ठीक आहे.

साक्षीदार दुसरा : (सही) कडक, निवृत्त वेटर. बाईंची बुद्धी शाबूत आहे. कराबद्दलचं त्यांचं मत मला मान्य नाही. सही खुर्चीत बसून केली.